सासूबाईंची ओली भिंत

"सवय आहे त्यांना." हे वाक्य मी सासरी इतक्या वेळा ऐकलं, की शेवटी शेवटी ते कानावर पडलं तरी डोक्यात तिडीक जायची. सासूबाई बर्फासारख्या पाण्यात हात घालून मुळे धुतात, सवय आहे त्यांना. घरात बसल्या बसल्या तोंडातून वाफा निघतात, सवय आहे. ऐंशीच्या घरातली बाई ओल्या भिंतीला लागून झोपते, तरी सवयच आहे. अहो, सवय आहे म्हणजे काय? ती लावली कोणी? पण हे विचारायची सोय नव्हती. मी धाकट्या मुलाची बायको, त्यातून परदेशी.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा टोकियोजवळ ग्योतोकुला राहायचो, स्टेशनपासून सायकलवर सात मिनिटांवर. नवरा जपानी, मी नाशिकची, आणि आमची नऊ वर्षांची लेक, जिच्याशी मी मराठीत बोलायचे आणि जी मला जपानीत उत्तर द्यायची. नवऱ्याचं मूळ घर मात्र उत्तरेकडच्या डोंगरात. तिथे बर्फ माणसाच्या डोक्यावरून जातो, म्हणून घर बांधायची रीतही निराळी. खाली काँक्रीटची एक खोली आणि तिच्यावर लाकडी घर. आमचं घर उतारावर होतं. त्यामुळे खालच्या खोलीची पुढची बाजू रस्त्याला लागून उघडी, आणि उरलेल्या तीन भिंती डोंगराच्या मातीत गाडलेल्या. तळघरच म्हणा ना. तिथे लोणच्यांची, वर दगडांचं वजन ठेवलेली लाकडी पिंपं असायची, बर्फ उपसायची फावडी असायची आणि सासऱ्यांची गंजलेली सायकल.

सासरे गेल्यावर सासूबाई वरच्या घरात एकट्याच राहायच्या. एका वर्षी जिन्यावरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. वॉकर धरून चालायला लागल्या, पण जिना कायमचा बंद झाला. तेव्हा थोरल्या दिरांनी ठरवलं की आईनं खालच्या खोलीत राहावं. ते त्याच गावात, दहा मिनिटांवर स्वतःच्या नव्या घरात राहायचे. खोटं कशाला बोलू, जागा सोयीची होती. रस्त्याला लागून, पायरी नाही, आणि त्यांनी बाजूला न्हाणीघरही करून दिलं. फक्त पिंपांसाठी बांधलेल्या खोलीत आता एक माणूस झोपणार आहे, हे कुणी बोललं नाही.

त्या पहिल्या हिवाळ्यात नववर्षाला आम्ही गेलो. खोलीच्या मधोमध कोतात्सु, म्हणजे खाली शेगडी असलेलं आणि वरून गोधडी पांघरलेलं बुटकं टेबल. कोपऱ्यात रॉकेलचा स्टोव्ह, त्यावर सतत रटरटणारी किटली. पाय कोतात्सुत घातले की कमरेखाली उन्हाळा आणि कमरेच्या वर हिवाळा. तिकडची पद्धतच ती, घर तापवायचं नाही, माणूस तापवायचा. मी उठताना आधाराला भिंतीवर हात ठेवला आणि तो गारठून ओलाचिंब झाला. सासूबाईंची गादी उलटून पाहिली, तर भिंतीकडची पूर्ण कड बुरशीनं काळी पडली होती. "अहो, हे काय?" मी नवऱ्याला मराठीतच ओरडले. त्याला एवढं मराठी कळायचं. तो म्हणाला, "डोंगराचं पाणी झिरपतं. लहानपणापासून असंच आहे. इलाज नाही."

इलाज नाही कसा? माझे बाबा नाशिकजवळ बटाट्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मेंटेनन्सला होते. बाहेर उन्हानं डांबर वितळतंय आणि आत स्वेटर घालून माणसं वावरतायत, असल्या ठिकाणी माझं बालपण गेलं. थर्माकोलच्या जाड लाद्या भिंतीवर डांबरानं कशा चिकटवायच्या, हे मी शाळेत जायच्या वयात पाहिलंय. बाबा कामगारांवर एकाच गोष्टीवरून खेकसायचे. भिंत आणि लादी यांच्यामध्ये बोटभरही फट ठेवायची नाही. फट राहिली की हवा शिरणार, हवेतली वाफ गार जागी जाऊन पाणी होणार, आणि मग भिंत आतून सडत जाणार. बाहेरून कळायचंही नाही.

भिंत ओली दिसली की बाबा एक साधी गोष्ट करायचे, तीच मी केली. प्लॅस्टिकचा एक चौकोन कापून पुसून वाळवलेल्या भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावला. दोन दिवसांनी पाहिलं, तर थेंब सगळे प्लॅस्टिकच्या वर, खोलीच्या बाजूला. प्लॅस्टिकखालची भिंत कोरडी. म्हणजे पाणी डोंगराचं नव्हतंच! ते होतं किटलीचं, स्टोव्हचं, दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांचं आणि सासूबाईंच्या स्वतःच्या श्वासाचं. मी नवऱ्याला दाखवलं. त्यानं वाकून बघितलं, कौतुकानं मान हलवली आणि तो विषय तिथेच संपला.

फेब्रुवारीत सासूबाईंना न्यूमोनिया झाला. तीन आठवडे हॉस्पिटल. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, असल्या ओलीत आणखी एक हिवाळा काढता येणार नाही. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला एकच विचारलं, "पिंपांवरचे दगड कुणी बघतंय का?"

मे महिन्याच्या सुट्टीत घरात बैठक बसली. दिरांनी दोन गोष्टी मांडल्या. एक तर पुढच्या बर्फाच्या आत खोली नीट करायची. ते जमलं नाही तर आईला शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवायचं. सासूबाई मान खाली घालून संत्रं सोलत होत्या. "तुम्ही सगळे ठरवाल तसं," म्हणाल्या. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. सोललेलं संत्रं त्या पुन्हा सालात घालून ठेवत होत्या.

आता भिंती कशा करायच्या? सगळ्यात उत्तम म्हणजे बाहेरून माती खणून, भिंतीला बाहेरून लाद्या लावायच्या. पण तीन बाजूंनी डोंगर, वर शेजाऱ्यांची पायवाट, ते शक्य नव्हतं, हे मलाही पटलं. दुसरा मार्ग दिरांचा. त्यांचा शाळेतला दोस्त सुतार होता. तो लाकडी पट्ट्या ठोकणार, मध्ये काचेच्या लोकरीच्या, म्हणजे ग्लासवूलच्या, गाद्या भरणार, वरून प्लायवूड लावणार. गावातल्या सगळ्या घरांत असंच होतं, आणि वरच्या लाकडी घराला ते ठीकही होतं. पण मातीत गाडलेल्या गार काँक्रीटवर? वाफ त्या लोकरीतून आरपार जाणार आणि भिंतीवर पाणी होऊन बसणार! मी सांगितलं, की फोमच्या कडक लाद्या मिळतात, निळ्या रंगाच्या, त्या थेट काँक्रीटवर चिकटवा, सांधे बुजवा, त्यावर फळी लावा. आणि वाफ खोलीत सोडणारा स्टोव्ह काढून नळीवाटे बाहेर सोडणारा घ्या. प्लॅस्टिकच्या चौकोनाचंही सांगितलं. सगळे लक्ष देऊन ऐकत होते. मग थोरले दीर हसून, अगदी सौजन्यानं म्हणाले, "उष्ण देशातून आलेल्या माणसाला आमची थंडी जरा जास्तच वाटणार."

सगळे हसले. माझा नवराही हसला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. परतीच्या ट्रेनमध्ये मी त्याच्याशी ओमिया स्टेशन येईपर्यंत एक अक्षर बोलले नाही. मग बोलले, तर लेक म्हणाली, "आई, सगळे बघतायत," अर्थातच जपानीत.

ऑक्टोबरमध्ये काम निघालं आणि मला बोलावणं आलं. मला वाटलं, काहीतरी विचारायला बोलावतायत. कसलं काय! घरात सुतार कामाला असला की सकाळी दहाला आणि दुपारी तीनला घरच्या बाईनं त्याला चहा आणि काहीतरी गोड द्यायचं, ही तिथली रीत. सासूबाईंना जमणार नव्हतं, म्हणून मी. जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यातल्या माझ्या पार्टटाइम कामावर आठवडाभर रजा टाकून मी चहा द्यायला गेले. मूर्ख मी, जाताना गावच्या हार्डवेअरच्या दुकानातून ती निळी लादी एक विकत घेतली आणि सुतारासमोर नेऊन ठेवली. म्हटलं, डोळ्यांनी बघेल तर पटेल. तो साठीचा, हातानं सफाईदार माणूस. त्यानं लादी दाबून पाहिली, "छान आहे हं" म्हणाला. मी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मात्र त्यानं मला दिली नाहीत. संध्याकाळी दीर आल्यावर त्यांना दिली, मी तिथेच उभी असताना.

दुसऱ्या दिवशी तीनच्या चहाचं तबक घेऊन मी खोलीत शिरले, तर तो खाली वाकून पट्ट्या ठोकत होता, आणि त्याच्या गुडघ्यांखाली माझी निळी लादी. जमीन गार लागते ना, म्हणून! डाव्या भिंतीवर लोकर भरून प्लायवूड चढलंसुद्धा होतं. मी तबक तसंच उचललं आणि वर स्वयंपाकघरात जाऊन बसले. म्हटलं, घ्या चहा. बघतेच कोण देतं ते.

वर मला खाली कपाट उघडल्याचा आवाज आला, मग वॉकरचा. टक, जरा थांबून, टक. सासूबाईंनी स्टोव्हवरच्या किटलीतून स्वतः चहा ओतला होता. मी धावत खाली गेले तेव्हा त्या सुतारापुढे, वॉकर धरून, जमेल तितकं वाकून माफी मागत होत्या. "आमची सून फार दमलीय. क्षमा करा." मोडलेल्या खुब्याची बाई त्याला वाकून क्षमा मागते, आणि तो म्हणतो, छे छे, असू दे! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुतार गेल्यावर मी त्यांना म्हटलं, "ओकासान, आई, मी तुमच्यासाठी भांडतेय."

"माझ्यासाठी भांडू नकोस," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण इतकं तोडून त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. "म्हातारीमुळे त्रास झाला की तिला पाठवून देतात. मला इथे राहायचंय."

उरलेले चार दिवस मी मुकाट्यानं दहाला आणि तीनला चहा दिला. खोली सुंदर झाली. पिवळसर फळ्या, लाकडाचा गोड वास. दिरांनी फोटो काढले. जुना स्टोव्ह आणि किटली मात्र तिथेच राहिली, कारण किटलीचा आवाज आईला आवडतो म्हणे.

जानेवारीत पुन्हा गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, आणि खोलीत शिरताच त्या लाकडाच्या वासाखालून दुसराच एक वास. ओल्या गोणपाटासारखा. "ऊब आहे ना?" मी विचारलं. "खूप ऊब आहे," सासूबाई म्हणाल्या आणि खोकल्या. दीर आले होते. त्यांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, की खोली करून दिली तरी आईचा खोकला जात नाही, म्हणजे आता वयच झालं. वृद्धाश्रमात महिनाअखेर जागा रिकामी होतेय, अर्ज भरून ठेवलाय. नवरा म्हणाला, "इलाज नाही."

लेक आजीजवळ झोपायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वर येऊन माझ्या कानात म्हणाली, "आजी रोज उठल्यावर भिंतीखालचे वर्तमानपत्राचे कागद बदलते. ओले झालेले पिशवीत घालून पिंपामागे लपवते. तुला सांगू नको म्हणालीय."

मी खाली गेले. पिंपामागे ओल्या कागदांच्या तीन पिशव्या होत्या. वॉकरवर उभी राहणारी बाई रोज पहाटे जमिनीवर बसून भिंतीच्या कडेनं घडी केलेले कागद खुपसत होती, कुणाला त्रास होऊ नये म्हणून! आणि त्याच खोकल्यापायी हे लोक तिला घालवायला निघाले होते. मला रडू येत होतं की राग, मलाच कळेना. फावड्यांच्या कोपऱ्यात खिळे उपसायची पहार होती. ती घेतली, डाव्या भिंतीच्या फळीच्या फटीत घातली आणि सगळा जोर लावून ओढली. सासूबाई "अगं, अगं" करत राहिल्या. फळी निघाली आणि मागून काचेची लोकर भिजलेल्या गोधडीसारखी लोंबत खाली आली. मागचं काँक्रीट चकचकीत ओलं, लाकडी पट्ट्या काळ्या.

नवरा आवाजानं धावत आला, बघतच राहिला. त्या वेळी मात्र तो इलाज नाही म्हणाला नाही. "दादाला फोन करतो," म्हणाला. "आणि सुतारालाही."

दोघे आले. दोघांनी ती भिजलेली लोकर हातानं दाबून पाहिली. मग सुतारानं गुडघे टेकले आणि दिरांपुढे डोकं जमिनीला लावलं. दीरही खाली बसले आणि त्यांनी त्याच्यापुढे डोकं टेकलं, म्हणे आमच्यामुळे तुम्हाला फार तसदी झाली. म्हणजे बघा, भिंतीतून पाणी ठिबकतंय, आणि हे दोघे शाळासोबती एकमेकांच्या माफ्या मागतायत! तिथे गादीवर बसलेली बाई त्यांच्या हिशेबातच नाही. मी तोंड उघडणार होते. पहार अजून माझ्या हातात होती.

"थंडी वाजते मला."

सासूबाई बोलल्या होत्या. इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. नवऱ्यानंही ऐकलं नव्हतं. हे तो मला नंतर म्हणाला.

"दोन हिवाळे मला थंडी वाजतेय," त्या म्हणाल्या. "सवय झालेली नाही. पण मी कुठेही जाणार नाही. सून सांगते तशी भिंत करा."

दिरांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. त्यांनी खिशातला अर्ज काढला, घडी घातली आणि परत ठेवला. तो नंतर कधी दिसला नाही.

पुढचे दोन दिवस आम्ही सगळी लोकर ओढून काढली आणि भिंती पुसून, तापवून वाळवल्या. रात्री नवरा आईला पाठीवर घेऊन जिना चढायचा, सकाळी उतरवायचा. दीर वाफ बाहेर सोडणारा स्टोव्ह घेऊन आले, माझ्याकडे न बघता. तिसऱ्या दिवशी सुतार निळ्या लाद्या घेऊन आला. मी गुपचूप पिंपांमागून माझी जुनी लादी काढून दिली. तिच्यावर त्याच्या गुडघ्यांचे दोन खड्डे अजून होते. तो लाजला. खड्डे भरून काढून तीच लादी त्यानं सगळ्यात आधी लावली, आणि मग पहिल्यांदा मला विचारलं, "फट किती चालेल?"

"अजिबात नाही," मी म्हटलं. बाबांचाच सूर लागला.

सासूबाई दाराशी खुर्चीवर गोधडी पांघरून बसल्या होत्या. दहा वाजले. सुतारानं सवयीनं हातोडी खाली ठेवली, हात झटकले आणि तो जमिनीवर टेकला. मीही सवयीनं चहासाठी उठले. सासूबाईंनी हात आडवा करून मला खाली बसवलं.

"आधी भिंत," त्या सुताराला म्हणाल्या. "चहा मग."